इंजिनाचा फ्युएल पंप : दोष पंपाचा की आपला?

चैत्र-वैशाखात विहिरीवरचे इंजिन बंद पडले म्हणजे शेतकऱ्याचे चित्त थाऱ्यावर राहत नाही. पिकास पाण्याची पाळी आलेली असते, वीज आपल्या पाळीने येते आणि जाते, आणि जे एक यंत्र आपल्या हुकमतीत आहे असे आपण समजत होतो तेच नेमके हट्ट धरून बसते. अशा वेळी मिस्तरी येतो, हँडलाचे चार फेरे मारतो आणि निकाल देतो, "पंप गेला." आपणही मान डोलावून नव्या पंपास संमती देतो.

येथे पंप म्हणजे पाणी उपसणारा पंप नव्हे, तर इंजिनाच्या कुशीस बसविलेला, डिझेल मोजून नोझलाकडे ढकलणारा लहानसा फ्युएल पंप होय. आमचे म्हणणे असे की, वरील दोन शब्दांच्या निकालाने आपला जितका पैसा व्यर्थ जातो, तितकाच पैसा पंप खरोखर झिजला असता तो ओळखता न आल्यानेही जातो. निरपराधी पंपास शिक्षा होते आणि अपराधी पंप सुटतो. दोहोंचे कारण एकच : लक्षणे क्रमाने वाचण्याची सवय आपणास लागलेली नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना आपण त्याचे दात, खूर आणि भोवरे पाहतो, चार माणसांस विचारतो. पण घोड्याइतकेच काम करणाऱ्या इंजिनाविषयी मिस्तरी सांगेल ते प्रमाण मानतो.

प्रथम या पंपाचे काम किती नाजूक आहे ते पाहू. रुडॉल्फ डीझेल याने जर्मनीत 1897 साली आपले इंजिन चालवून दाखविले, तेव्हा त्यात तेल आत घालण्यासाठी दाबलेली हवा लागत असे, व त्याकरिता हवा दाबणारे निराळे यंत्र जोडावे लागे. असे जड प्रकरण विहिरीच्या थारोळ्यावर कधीच आले नसते. रॉबर्ट बॉश याच्या कारखान्याने 1927 पासून केवळ दट्ट्याच्या जोराने तेल ढकलणारे पंप मोठ्या संख्येने तयार करण्यास आरंभ केला, त्यामुळे लहान इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली निघाली. बंगळूर येथे 1951 साली मायको कंपनी निघून असे पंप आपल्या देशात होऊ लागले, व पुढे नाशिकासही तिचा कारखाना झाला. अशा रीतीने यंत्र आपल्या बांधापर्यंत आले, पण त्याचे ज्ञान मिस्तरीच्या पिशवीतच राहिले.

पाच अश्वशक्तीचे, मिनिटास 1500 फेरे करणारे एका सिलिंडरचे इंजिन घ्या. त्यात दोन फेऱ्यांमागे एकदा, म्हणजे मिनिटास 750 वेळा आणि तासास 45,000 वेळा पंप तेल मारतो. पूर्ण भारावर असे इंजिन तासास ठोकळ मानाने सव्वा लिटरच्या आतबाहेर डिझेल खाते. हिशेब केला तर सुमारे चाळीस फवाऱ्यांस मिळून एक घनसेंटिमीटर तेल लागते. एवढासा थेंब चौरस सेंटिमीटरास सुमारे 200 किलोग्रॅम दाबाने नोझलातून धुक्यासारखा निघावा लागतो. हा दाब धरून ठेवण्यासाठी पंपातील दट्ट्या व त्याचे घर, ज्या जोडीस मिस्तरी एलिमेंट म्हणतात, ती इतकी घट्ट घासून बसविलेली असते की मधली फट एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी दोन-तीन भागांइतकीच असते. माणसाचा केस याच मापाने साठ-सत्तर भाग जाड भरतो. शिवाय या जोडीस निराळे वंगण नाही. जे डिझेल ती ढकलते तेच तिचे वंगण.

यावरून पंपाचे तीन वैरी आपोआप ध्यानात येतात : धूळ, पाणी आणि रॉकेलची भेसळ. धूळ दट्ट्यावर चरे पाडते, पाणी गंज आणते, आणि रॉकेल वंगणाचा गुण कमी करते. 1 एप्रिल 2020 पासून देशभर जे डिझेल मिळते त्यात गंधकाचे प्रमाण दहा लक्ष भागांस दहा भागांपेक्षा अधिक नसते. पूर्वी ते पन्नासपर्यंत चाले. या कोरड्या डिझेलाने जुने पंप मरतात अशी एक आवई उठली होती. परंतु डिझेलाच्या मानकातच वंगणगुणाची मर्यादा घातलेली आहे व त्यासाठी तेलात योग्य द्रव्य मिसळले जाते. तो गुण आपण स्वस्ताईच्या लोभाने रॉकेल ओतून घालवावा आणि बोल मात्र डिझेलास लावावा, हा न्याय नव्हे.

आता निरपराधी पंपाची एक हकीकत सांगतो. आमच्या शेजारच्या एका बागाईतदाराचे इंजिन पाव तास चाले आणि दम सोडी. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होई, पुन्हा पाव तासाने बंद. मिस्तरीने पंप गेल्याचे सांगितले. नवा पंप आला, बसला, इंजिन चालले. सर्वांस समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. शेवटी घरातील एका मुलाच्या लक्षात आले की, धूळ जाऊ नये म्हणून टाकीच्या झाकणावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधलेली आहे. झाकणास हवेसाठी जे बारीक भोक असते ते तिने बंद झाले होते. तेल खाली जाई, वर हवा येण्यास वाट नाही, म्हणून तेल अडे. पंप बसविताना टाकी उघडली होती तेवढ्याने इंजिन चालले होते, आणि श्रेय नव्या पंपास मिळाले होते! पिशवी सोडली, रोग गेला. पंपाचे पैसे काही परत आले नाहीत.

दुसरी हकीकत आमची स्वतःची आहे आणि ती सांगण्यास थोडी लाज वाटते. वरील प्रकार पाहिल्यापासून, पंपास दोष देणे म्हणजे अडाणीपणा, अशी आमची समजूत झाली होती. आमच्या इंजिनाचे तेल, म्हणजे खालच्या पेटीतील वंगण, महिनोन् महिने कमी होत नसे. गजकाडी काढून पाहावी तर पातळी होती तितकीच, किंबहुना बोटभर वरच. आम्ही चारचौघांत अभिमानाने सांगत असू की आमचे इंजिन थेंबभर तेल पीत नाही. वास्तविक दट्ट्या झिजला होता, आणि डिझेल त्याच्या बगलेने झिरपून वंगणाच्या पेटीत उतरत होते. वंगण कमी होत होतेच. त्याची जागा डिझेल भरून काढीत होते. आयुष्यभर महसूल खात्याच्या वह्यांत जमेची रक्कम कोठून आली हे विचारीत बसलेल्या आम्हांस, पेटीत न ओतलेले तेल वाढते कसे, हा प्रश्न सुचला नाही! फाल्गुनाच्या अखेरीस पातळ झालेल्या वंगणाने कनेक्टिंग रॉडचे बेरिंग खाल्ले. त्याच पंधरवड्यात पपईची रोपे लाविली होती. इंजिन दुरुस्त होऊन येईपर्यंत वीज जेवढी मिळाली तेवढ्यावर अर्धे रान भिजले, अर्धे जळाले. एलिमेंटाचा खर्च वाचविण्याच्या नादात बेरिंग गेले, रोपे गेली आणि हंगामही गेला.

या दोन हकीकतींतून निघणारी लक्षणे आता क्रमाने मांडतो.

पहिले लक्षण सुरू होण्याचे. पंपाचे एलिमेंट झिजले असता इंजिन सकाळी थंडपणी कसेबसे सुरू होते, परंतु तापल्यावर बंद केले तर पुन्हा सुरू होण्यास फार त्रास देते. कारण तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून मागे सटकते. हँडलाचा वेग मंद असल्याने दाब चढत नाही. उलट रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले असतील तर इंजिन थंडपणी अडते आणि तापल्यावर बरे चालते. हा एक भेद ध्यानात ठेविला तरी निम्मे काम होते. खात्री करावयाची असल्यास इंजिन बंद असताना पंपावर ओले फडके दहा मिनिटे गुंडाळून ठेवावे. पंप निवाल्यावर इंजिन चटकन धरले तर संशय पंपाकडे जातो. चालत्या इंजिनाच्या तापल्या पंपावर मात्र थंड पाणी कदापि ओतू नये. दट्ट्या जागीच जाम होण्याचा संभव असतो.

दुसरे लक्षण धुराचे. पंप तेल कमी देऊ लागला म्हणजे इंजिनाची ताकद जाते, फेरे उतरतात, पण धूर फारसा नसतो. भार घेताच काळा धूर निघत असेल तर तेल कमी नव्हे, अधिक किंवा वाईट रीतीने पडत आहे, अथवा हवा कमी मिळत आहे असे समजावे. तेव्हा हवेचा फिल्टर आणि नोझल पाहावे. निळा धूर वंगण जळत असल्याचा असतो. सुरू होताना पांढरा धूर निघून इंजिन चुकत असेल तर तेल आत पडते पण पेटत नाही. ज्याची ताकदही नाही आणि धूरही नाही, ते इंजिन उपाशी आहे.

तिसरे लक्षण फेऱ्यांचे. इंजिन एकसारखे न चालता फेरे वाढवते-उतरवते. याचे कारण बहुधा तेलात शिरलेली हवा असते. क्वचित पंपाची दांडी अडखळते. इंजिन बंद असताना ही दांडी बोटाने सहज सरकली पाहिजे. ती पूर्ण तेलावर अडकली तर इंजिन बेफाम पळते, म्हणून या अडखळीकडे दुर्लक्ष करू नये.

चौथे लक्षण आमच्या अनुभवाचे : वंगणाची पातळी न ओतता वाढणे, त्यास डिझेलचा वास येणे, बोटांत धरले असता ते पाण्यासारखे लागणे. ज्या इंजिनाचा पंप इंजिनाच्या अंगातच बसविलेला असतो त्यात हा पुरावा सर्वांत बळकट. ट्रॅक्टरात तेल चढविणाऱ्या फीड पंपाचा पडदा फाटल्यानेही असेच होते, तेही तपासावे. हे लक्षण दिसताच इंजिन त्याच क्षणी थांबवावे, वंगण बदलावे, आणि पंप दुरुस्त झाल्याशिवाय पुन्हा चालवू नये.

पाचवे लक्षण खर्चाचे. काम तेवढेच, पण तासास डिझेल अधिक. हे डोळ्यांस दिसत नाही, फक्त वहीस दिसते.

आता परीक्षेचा क्रम. आरोप पंपावर ठेवण्यापूर्वी टाकीपासून निघावे आणि तेलाच्या वाटेने खाली यावे. टाकीत तेल आहे काय, झाकणाचे भोक मोकळे आहे काय, तळाचा पाणी सोडण्याचा स्क्रू सैल केला असता पाणी किंवा गाळ येतो काय, हे आधी पाहावे. मग फिल्टर : तो कधी बदलला हे आठवत नसेल तर तो बदलण्यासच झाला आहे असे समजावे. मग फिल्टरचा व पंपाचा हवेचा स्क्रू क्रमाने सैल करून, बुडबुडे थांबून अखंड तेल येईपर्यंत हवा काढावी. पुन्हा पुन्हा हवा धरत असेल तर सांध्याचे वॉशर आणि नळी पाहावी. नंतर व्हॉल्व्ह उचलून हँडल सावकाश फिरवावे व नोझलाकडे कान द्यावा. नोझलातून कुरकुरण्याचा स्पष्ट आवाज आला तर पंप तेल पोहोचवीत आहे. आवाज नसेल तर नोझल काढून चांगल्या नोझलाने पाहावे. येथपर्यंत सर्व ठीक असूनही दाब चढत नसेल, तरच पंपावर आरोप सिद्ध झाला असे म्हणावे. रात्रभर उभे राहिल्यावरच इंजिन अडत असेल आणि हवाही धरत नसेल, तर एलिमेंटाऐवजी पंपाच्या माथ्यावरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह गळत असण्याचा संभव असतो, आणि तो बराच स्वस्तात बदलता येतो.

या परीक्षेत एक धोका आहे तो निक्षून सांगतो. नोझल बाहेर काढून फवारा पाहताना हात, तोंड किंवा डोळे समोर धरू नयेत. त्या दाबाचे तेल कातडीतून आत घुसते. वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही फारसे नाही, पण आत मांस सडते. असा प्रकार घडल्यास हळद दाबून घरी न बसता त्याच तासास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, व डिझेल आत शिरल्याचे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.

पंप उघडण्याविषयीही दोन शब्द. दट्ट्या आणि घर ही जोडी आहे. एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या घरात घालू नये. पंपाखाली ज्या पातळ चकत्या निघतात त्या मोजून तितक्याच परत बसवाव्यात, कारण तेल केव्हा पडावे ही वेळ त्यांवर बांधलेली असते. शेतातील वाऱ्यात, पोत्यावर बसून पंप सोडणाऱ्या मिस्तरीस, तो कितीही हुशार असला तरी, आपण थांबवावे. हजाराव्या भागाची फट असलेले यंत्र धुळीत उघडणे म्हणजे रोग्यास उकिरड्यावर निजवून शस्त्रक्रिया करणेच होय.

आमची मुख्य सूचना वहीची आहे. इंजिनाजवळ एक साधी वही टांगावी. तीत तारीख, चाललेले तास, ओतलेले डिझेल, वंगणाची पातळी आणि फिल्टर बदलल्याचा दिवस एवढेच लिहावे. महिन्यातून एकदा टाकी गळ्यापर्यंत भरून, नेहमीच्या भारावर इंजिन बरोबर एक तास चालवून, पुन्हा भरण्यास किती तेल लागले ते मोजावे. महसुलात पीकपाहणी वेळच्या वेळी झाली नाही तर पुढे वादास तोंड फुटते. यंत्राचेही तसेच आहे. ज्याची नोंद नाही त्याचा पुरावा नाही. आमच्याजवळ अशी वही असती तर पातळी प्रथम वाढली त्या महिन्यातच प्रश्न निघाला असता.

दुसरी सूचना संस्थेस. नोझल तपासण्याचे हाताचे यंत्र एकट्या शेतकऱ्याने घेण्याजोगे नाही, पण संस्थेस ते जड नाही. ते एक यंत्र, एक स्वच्छ बंद खोली, आणि रीतसर शिकवून आणलेले दोन तरुण एवढी सिद्धता झाली तर म्हसावद आणि आसपासच्या गावांतील इंजिने व ट्रॅक्टर यांची परीक्षा येथेच होऊ शकेल. तपासणीचा लेखी निकाल शेतकऱ्याच्या हाती पडल्यावर, पंप बदलावा की नाही, हे तो स्वतः ठरवील.

यावर कोणी म्हणतील की, आता वीज आली, सूर्यशक्तीचे पंप आले, डिझेलची चर्चा कशास? सौर पंपांचे आम्ही स्वागतच करितो. परंतु रोहित्र जळाले म्हणजे आपण शेडमधील जुन्या इंजिनाकडेच धाव घेतो, आणि ते महिनोन् महिने उभे राहिल्याने टाकीत पाणी धरून बसलेले असते. शिवाय नांगरट, वाहतूक आणि फवारणी ज्या ट्रॅक्टरावर चालते त्याच्या पोटातही असाच नाजूक पंप आहे. यंत्राचा उपयोग कमी झाला म्हणून त्याची काळजी कमी करून चालत नाही. कधीतरीच लागणारे यंत्र तर ऐन अडचणीतच लागते.

पोळ्यास आपण बैलाचे खांदे मळतो, कारण वर्षभर जू त्याच्या खांद्यावर असते हे आपण जाणतो. खंडेनवमीस इंजिनास कुंकू लावतो, हार घालतो, नारळ फोडतो. त्यात गैर काही नाही. पण त्याच दिवशी टाकीचा गाळ काढावा, फिल्टर बदलावा आणि गजकाडी पुसून पातळी पाहावी, एवढी भर आपण आपल्या पूजेत घालावी अशी आमची सर्व बंधूंस विनंती आहे. संस्थेच्या चालकांनी येत्या खंडेनवमीपूर्वी तपासणीच्या यंत्राचा विचार सभेपुढे आणावा, इतके सुचवून हा लेख पुरा करितो.